तीस मीटर वायर

जुनं मशीन मी गोल्फ क्लबच्या लिलावात घेतलं होतं.
साडेतीन हजार. हिरवा रंग उडालेला,
आणि एक दोरी, जी ओढल्याशिवाय ते कुणाचंच ऐकत नसे.
पहिल्या ओढीला खोकायचं.
दुसरीला अंगणभर पेट्रोलचा वास.
तिसरीला माझा खांदा.
चौथीला एकदाचं सुरू व्हायचं,
आणि मग अख्ख्या झिंगाबाई टाकळीला कळायचं
की आज रविवार आहे
आणि नंदेश्वर मॅडम गवत कापताहेत.

भिंतीपलीकडे हेडाऊ राहतात.
कोराडीला, बॉयलरवर. रात्रपाळी.
सकाळी सातला घरी, आठला खाटेवर,
खिडकीला काळा कागद, कूलरला नवा वाळा,
आणि नऊ वाजता मी.

अकरा वर्षांत आम्ही तीनदा बोललो.
तिन्ही वेळा त्यांचंच वाक्य, तेच:
"माणसं झोपून रायली ना बे इथं!"
तो 'बे' निसटला की तेच वरमायचे,
आणि मी त्या 'बे'चाच राग धरून
पुढच्या रविवारी साडेआठला सुरुवात करायचे.

मग खांद्यानं संप केला.
डॉक्टर म्हणाले, दोरी ओढायची नाही. कशाचीच.

इतवारीत ताहेरभाईंनी दोन मशीनं शेजारी ठेवली.
"ये पेट्रोल. दमदार. और ये लाइटवाला,
इसको तुम मिक्सर समझो."
मी विचारलं, लाइट गेली तर?
त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं,
जणू त्यालाच विचारताहेत.
"जाएगी तो जाएगी. घास किधर भागनेवाली है?"

ऑटोत ते मांडीवर घेऊन बसले होते,
एखाद्याचं लेकरू सांभाळायला घ्यावं तसं.
स्वच्छ आहे म्हणतात, धूर नाही.
पण माझ्या गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसतात.
धूर काही गेला नाही,
फक्त माझं अंगण सोडून तिकडं राहायला गेला.
पुण्य वगैरे नव्हतंच ते.
खांदा वाचवला, झालं.

पहिल्या रविवारी बटण दाबलं.
कुणी आतल्या खोलीत चटणी वाटावी
एवढाच आवाज.
आणि त्याच्या कडेनं बाकीचे आवाज आत येऊ लागले:
कुणाच्या तरी कुकरची तिसरी शिटी,
भंगारवाला,
पात्याखाली मोडणारं गवत, ओलं, जरा चिडलेलं,
आणि भिंतीपलीकडून एक घोरणं,
लांब, मधेच अडखळणारं, पुन्हा गाडी धरणारं.
अकरा वर्षं ते तिथंच असणार.

वायर तीस मीटर.
भिंतीपासून चार फुटांवर ती संपते.
तेवढी पट्टी उरली, आणि उरतच गेली.
ऑगस्टमध्ये गवत गुडघ्याला लागलं.

एका दुपारी भिंतीवरून बनियन दिसलं.
"संपली का वायर?"
संपली.
"मले वाटलं, मॅडम गावाले गेल्या.
दोन-तीन महिने झाले, आवाजच नाही."
मग त्यांनी मशीनकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं,
बसमध्ये आपल्याच गावचं कुणी भेटावं तसं.
"हे रातच्याला आम्हीच बनवतो."
फुशारकी नव्हती. म्हणता म्हणता जांभई आली
आणि ते आत गेले.

मला वाटलं, बोलणं संपलं.
तर स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी सरकली
आणि एक बोर्ड खाली सोडला गेला,
दोन पिना, एक लाल दिवा, लागलेला.
"मीटर तुमचं फिरेल," मी म्हणाले.
"फिरू द्या. पण मॅडम,
दहाच्या आधी नाही."

जुनं मशीन जिन्याखाली आहे. विकवत नाही.
मांजर त्यात दोनदा व्यायलं.
उत्तरेचा वारा असला की
वाळत घातलेल्या चादरींवर बारीक राख उतरते,
मी त्या गच्चीच्या पलीकडच्या टोकाला नेऊन झटकते,
हलक्या हातानं.
खाली माणूस झोपलेला असतो.