पांढरा रस्ता

कोलंबसच्या आमच्या स्वयंपाकघरात
फ्रिजच्या दारावर मी बाबांचे शब्द चिकटवलेत,
पिवळ्या चिठ्ठ्यांवर, मोठ्या अक्षरांत.

सॉफ्ट शोल्डर.
म्हणजे मऊ खांदा, मी सांगते.
कुणाचा?
रस्त्याचा.
बाबा चहाची पियाली खाली ठेवतात, डोळ्यांत पाणी येईतो हसतात.
तीस वर्षं ह्याच्या अंगाखांद्यावर काढली,
मऊ कुठे लागला नाही मेला.

ब्रिज आइसेस बिफोर रोड.
ही चिठ्ठी मी लावली आणि लगेच काढली.
रस्त्याआधी पूल गोठतो,
त्याच्या पोटाखाली माती नसते, नुसता वारा.
हे कामचिकच्या घाटात, कामाझ चालवताना
त्यांच्या तळहातांना कळलं, माझ्या जन्माच्या आधी:
स्टिअरिंग एकाएकी हलकं होतं,
पाहुणा निरोप न घेता उठून गेल्यासारखं.

पण खोटं कशाला सांगू.
मागच्या हिवाळ्यात नेब्रास्कात
दिव्यांच्या पाटीवर अक्षरं धावली,
पुढे काम चालू, डावी लेन बंद,
आणि बाबा डावीकडेच राहिले.
झालं काही नाही.
झेंडा धरलेला एक पोरगा उडी मारून बाजूला झाला, इतकंच.
आईला त्यांनी सांगितलं नाही.
मला सांगितलं, अंधारात, गॅरेजमध्ये, पाठमोरे उभे राहून.
दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा स्वतः विकत आणला.

आता वजनकाट्यावर इंग्रजी तपासतात.
नापास झालेल्याचा ट्रक तिथेच उभा,
किल्ली दुसऱ्याच्या हाती.
एर्गाशकाकांचा तसा गेला, कांद्यासकट.

निघताना आई दारात म्हणते, ओक योल,
तुझा रस्ता पांढरा असो.
आमच्यात प्रवासाला निघणाऱ्याला असंच म्हणतात.
वायोमिंग तिनं पाहिलेलं नाही.
जानेवारीत तिथे तिचा आशीर्वाद
शब्दशः खरा होतो,
दोन्ही बाजूंनी, क्षितिजापर्यंत.

काल काट्यावरच्या माणसानं पाट्यांची चित्रं दाखवली.
बाबांनी सगळी ओळखली.
कुठून आलात. ओहायो, सर.
कुठे निघालात. बॉइझी, सर.
माल काय. बटाटे, फ्रोझन, सर.
(बटाट्यांच्या गावाला बटाटे का नेतात,
हे कुठल्याच भाषेत त्यांना कळलेलं नाही.)

मग त्यानं क्लिपबोर्ड खाली घेतला
आणि सहज विचारलं, नियमात नसलेलं:
बोटाला काय झालं?

हा प्रश्न फ्रिजवर नव्हता.

उझ्बेकमध्ये त्याचं उत्तर पाऊण तास चालतं.
त्यात बर्फ आहे, तुटलेली साखळी आहे,
अब्दुवाली नावाचा क्लीनर आहे, जो त्या रात्रीनंतर नाही,
आणि एक गाढव, जे दर लग्नात थोडं मोठं होतं.
इंग्रजीत बाबा म्हणाले: कोल्ड.
मग बराच वेळ थांबून: फ्रेंड.
मग हात खिशात घातला.

मला फोन आला तेव्हा मी औषधांच्या रांगेत होते.
कागद परत मिळाले, बाबा म्हणाले, जा म्हणाला.
पण जाताना एक वाक्य बोलला, ते समजलं नाही,
रस्ताभर तोंडात धरून आणलंय, बघ बरं:
सॉरी फॉर युअर लॉस.

कसला तोटा, नोदिरा?
माल शाबूत आहे.
दोनदा उतरून पाहिलं,
उणे अठरा, काटा हललेला नाही.

फोनमध्ये वारा होता,
आणि वायपरचा तो रबर फाटल्याचा आवाज.
समोर काय दिसतंय, मी विचारलं.
पूल, ते म्हणाले.

आधी तो ओलांडा, मी म्हणाले.
मग सांगते.