पोकळ वासा

मालांगच्या वरच्या अंगाला, कॉफीच्या मळ्यांतून
त्यांची बॅग मी वाहिली. वय तेरा.
बॅग कातड्याची, पाय अनवाणी,
दोघांचेही.
बटाव्हियात नऊ वर्षं शिकलेल्या जावी डॉक्टरनं
बूट घालायचे नाहीत, असा नियम होता.
गोरे डॉक्टर यायच्या आधी त्यांचे बूट यायचे;
सास्त्रोविदिग्दो दारात येऊन उभे राहिले
तरी कुत्रं मान उचलत नसे.

"उंदीर खाली शोधू नकोस, कार्तो. वर बघ."
मग बोटाच्या पेरानं बांबूचं पेर ठोकत,
कान लावून.
पोकळ वाजला तर बरं.
दबका वाजला की करवत:
आत भाताची तुसं, चिंधी, एक वाळकी शेपटी.
आणि मग सगळं छप्परच उतरवायचं.
लोक म्हणायचे, आमच्याकडचं पाणी पितो
आणि आमच्याच घरचे वासे मोजतो.

मयत झालं की आधी सुई.
डाव्या बरगडीखाली, प्लीहेत.
काचेवर थेंब, मगच खड्डा.
मौलवी तोंड फिरवून उभे राहायचे.

वोनोरेजोत मुगियेमची मुलगी गेली, चार वर्षांची.
मुगियेमनं बॅगेवर हात ठेवला, म्हणजे माझ्या हातावर.
"तिला सुईची फार भीती वाटायची," म्हणाली.
एवढंच.
डॉक्टर बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले,
मग वहीत लिहिलं: हिवताप.
दौत मीच धरली होती.
छपरं तशीच राहिली.

सतरा दिवसांत त्या आळीत नऊ मयतं.
मुगियेम तिसरी.
नऊही सुया त्यांनी स्वतः टोचल्या,
माझ्याकडे एकदाही न बघता.
रात्री वही उघडली. हिवताप खोडला नाही,
खाली लिहिलं: चूक माझी. आणि सही.

साहेबानं पगारातून दहा गिल्डर कापले.
"नऊ मयतं, दहा गिल्डर,"
डॉक्टर नाणी मोजत म्हणाले,
"दहावा कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही."

त्यानंतर त्यांची सुई कुठेच अडली नाही.
आईच्या वेळीही नाही.

माझं घर आता सागवानी, वर कौलं.
तरी निजण्याआधी काठीनं वासे ठोकतो.
नात हसते.
भरीव लाकूड आहे, आजोबा,
ते काय बोलणार.