पन्नासच्या आत

म्हसकर वकीलबाई म्हणाल्या, यादी करा.
देण्यांची वेगळी, मालमत्तेची वेगळी.
आणि लपवू नका काही, वैती,
लपवलेला चमचासुद्धा शेवटी टोचतो.

कोर्टनाक्यावर झेरॉक्सवाल्याच्या बाकावर बसून
मी लिहायला घेतलं.
देण्यांसाठी कागद आडवा धरावा लागला.

तीन क्रेडिट कार्डं. पहिलं फेडायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं,
तिसऱ्यासाठी मोबाईलवरचं कर्ज
जे सात मिनिटांत आलं
आणि चार वर्षं हललं नाही.
लॉकडाऊनच्या आदल्या दिवाळीत घेतलेल्या मशीनचे हप्ते
(मग वर्षभर कुणी तोंडच उघडलं नाही).
मेव्हण्याचे दीड लाख. त्याला व्याज नाही,
फक्त प्रत्येक बारशाला एक नजर.

मी दात बनवतो.
नौपाड्यात, जिन्याखालच्या खोलीत, बावीस वर्षं.
मेणात बसवतो, उकळतो, घासतो,
कुणाचं तरी हसू डबीत घालून डॉक्टरकडे पाठवतो
आणि माझ्याकडेच
दातावर मारायला पैसा नाही.
हा विनोद मी वसुलीवाल्याला फोनवर सांगितला होता.
तो हसला.
मग त्याने आर्याच्या कॉलेजचं नाव घेतलं.

बँक निम्म्यावर मिटवेल, बाई म्हणाल्या, पण एकरकमी.
निम्मे असते तर मी तुमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलो असतो?
लोकअदालतीत हप्ते बांधून मिळतील.
बांधलेलेच तर सुटले होते.
मग राहता राहिला नादारीचा अर्ज.

नादार.
पाचवीत मला नादारी होती, फी माफ.
गुरुजी नावं वाचायचे, आम्ही पाचजण हात वर करायचो,
आणि मी कोपर वाकवून जेमतेम कानापर्यंत.
आता पुन्हा कुणीतरी नाव वाचेल.
दाती तृण धरायचं, तेही रीतसर,
तीन प्रतींत, प्रतिज्ञापत्रावर, नोटरीच्या शिक्क्यानिशी.

मालमत्तेच्या यादीवर बाईंनी पेन्सिलीने खुणा केल्या.
अंथरूण-पांघरूण नेता येत नाही.
स्वयंपाकाची भांडी नाही, अंगावरचे कपडे नाहीत.
बायकोचं मंगळसूत्र नाही.
ते गहाण आहे, मी म्हणालो.
बाईंनी ते खोडलं नाही,
बाण काढून देण्यांच्या कागदावर नेलं.

हे काय लिहिलंय?
जबडा, मी म्हटलं. पितळी. दात जुळतात का बघायला.
कारागिराचं हत्यार, त्या म्हणाल्या. राहील.
मेणाची सुरी राहील. स्पिरिटचा दिवा राहील.
मशीन जाईल.
मला वाटलं होतं रडू येईल, पण
गेल्या वर्षापासून तिच्यावर आम्ही इस्त्रीचे कपडेच ठेवतो.

मग नोटिसा निघतील, बँका हरकती घेतील,
कोर्ट रिसीव्हर नेमेल, तारखा पडतील,
आणि एक दिवस मुक्ततेचा हुकूम, कदाचित.
'कदाचित' हा शब्द बाई फीपेक्षा जपून वापरतात.

आणि एक ध्यानात ठेवा. नादार ठरलात की मुक्तता होईपर्यंत
पन्नास रुपये किंवा त्यावर उधार घेताना
समोरच्याला सांगायचं, मी नादार आहे.
नाही सांगितलंत तर गुन्हा.
पन्नास?
कायदा एकोणीसशे वीसचा आहे, वैती.
तेव्हा पन्नास म्हणजे पन्नास होते.

खाली आलो. कटिंग आणि मस्कापाव. पस्तीस.
खातं गोठलेलं, स्कॅन होईना,
खिशात वृषालीने दिलेली पाचशेची एकच नोट.
सुटे नाहीत, चहावाला म्हणाला, उद्या द्या.
अर्ज अजून टाईपही झाला नव्हता,
तरी मी मनात पस्तीस दोनदा मोजले.
पन्नासच्या आत आहे, मी म्हणालो.
त्याला काही कळलं नाही. त्याने वही ओढली,
नाव?
निशिकांत बाळकृष्ण वैती, मी म्हणालो,
वय एक्कावन्न, धंदा दंतकाम, राहणार चेंदणी कोळीवाडा.
एवढं मावत नाही, तो म्हणाला,
आणि लिहिलं: दातवाले. ३५.