फिडर नंबर तीन

रात्रपाळीत एक कान सरकारचा, एक माझा.
उजव्यात अलार्म, फोन, कंट्रोल रूम यवतमाळ.
डाव्यात हॉलो अ‍ॅनव्हिल.
पोकळ ऐरण. ज्यानं हे नाव ठेवलं, त्याला
घण पडून गेल्यावर काय उरतं ते माहीत असणार.

सुखदेव हेल्पर म्हणतो, "मॅडम, हे गाणं होय
का कोणाले करंट लागून राह्यला?"
मी इअरफोन त्याच्या कानात घालते.
तो डोळे मिटून ऐकतो जरा वेळ, मग म्हणतो,
"डीपी जळ्याच्या आधी असाच आवाज येते."
आणि त्याला वाटतं, त्यानं नावं ठेवली.

सुजाता गेडामच्या मेमरी कार्डात सापडले ते मला,
पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी.
गोंडी लग्नाची गाणी, मशीन्सच्या नोट्सचे फोटो,
आणि मध्येच 'ट्रॅक झिरो सेव्हन'. नाव नाही, गाव नाही.
तीन दिवस मी समजत होते, फाइल खराब आहे.
चौथ्या दिवशी मेसच्या रांगेत, ताट हातात,
पाहते तर माझा पाय ठेका धरून.

गाणाऱ्याचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.
साठीचा माणूस. घसा म्हणजे खडीवरून ओढलेला पत्रा.
डिक्शनरी घेऊन बसले तेव्हा त्या गुरगुरीतून निघालं काय,
तर गावातली भट्टी बंद पडली,
भोंगा वाजेनासा झाला,
तरी बाप सहाला उठून डबा भरतो.
एवढंच.
एवढ्यासाठी एवढा आकांत?
हो. एवढ्यासाठी एवढाच लागतो.

दारव्ह्याचा मुलगा पाहायला आला, त्यानं छंद विचारला.
मी म्हणाले, वाचन आणि रांगोळी.
त्याला नकार देणं सोपं गेलं.
त्या दिवशी ह्यांना नाकारलं, ते मात्र अजून जात नाही.

तर डिसेंबर. त्यांचा शेवटचा कार्यक्रम.
तिकडे रात्रीचे साडेदहा, इकडे तीन.
बाहेर हरभऱ्याला पाणी चाललेलं, लांब बॅटऱ्या हलत होत्या.
रानडुकरांसाठी कुणीतरी डबा बडवत होतं, बेताल.
मोबाइल लॉगबुकला टेकवून ठेवलेला.
गाणाऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, सगळ्यांना ठाऊक होतं
शेवटचं गाणं त्याला जमणार नाही.
तरी तो माइकपाशी आला,
तोंड उघडलं

आणि उजव्या कानात यवतमाळ:
"आर्णी रोड? लोड वाढला. शेतीला हात लावू नका, तीन नंबर काढा."
तीन नंबरवर गावठाण.
तीन नंबरवर टॉवर,
ज्याच्या बॅटऱ्या पोळ्याच्या आधी चोरीला गेल्या, त्या अजून आल्या नाहीत.
म्हणू शकले असते, सर, पाच मिनिटं.
लोक दवाखान्यासाठी म्हणतात, लग्नासाठी म्हणतात.
मी कारण काय सांगणार होते?

ब्रेकर पडतो तेव्हा जो आवाज होतो ना,
तो त्यांच्या ड्रमरला वीस वर्षांत जमला नाही.
काचेवर त्याचं उघडं तोंड थांबलं,
त्यावर ते पांढरं कडं गोल फिरत राहिलं.
मी लिहिलं: ०३.४१, फिडर तीन, बंद. सही, व. खिराडे.

मग यार्डात गेले.
ट्रान्सफॉर्मर नेहमीसारखा घुमत होता.
मी कधीच मोजून ठेवलंय, ट्यूनरचा काटा 'जी'च्या किंचित वर थरथरतो.
सगळ्यात जाड तार ढिली करत करत
ते लोक जिथे आणतात, जवळपास तिथेच.
थोडा चढा. सरकारी आहे, चालायचंच.
सुखदेव बिडी विझवत आला. "गेले का तुमचे?"
"हाव," म्हणाले.
तो काही बोलला नाही. कुंपणाला हात न लावता
माझ्यासोबत उभा राहिला, थंडीत, मफलर कानावरून खाली ओढून.

चार वीसला तीन नंबर परत घेतला.
पूर्ण रेकॉर्डिंग आलंय म्हणे केव्हाचं.
मी पाहिलेलं नाही.
माझ्याकडे त्या माणसाचं तोंड अजून उघडं आहे.