वीतभर लेस

लुद्विकाबाई म्हणाल्या, "आधी मोठ्यानं म्हण.
पीळ, आडवा. पीळ, आडवा. टाचणी."
मी म्हणालो. एकोणतीस वर्षं
इद्रिया–ल्युब्ल्याना बस हाकलेला माणूस,
पुढ्यात भुशाचा लोड, त्यावरून लोंबणाऱ्या
सात जोड लाकडी चात्या.
चौथ्या पिळाला डावा हात उजव्याला विचारतो:
आता कोण?

शेजारी आठ वर्षांची ब्रीना.
तिच्या चात्या गारांसारख्या वाजतात
आणि ती खिडकीतल्या मांजराशी बोलत असते.

जानेवारीत बाईंनी रेडिओ लावला.
"हवामान सांगतील. 'बर्फ' किती वेळा म्हणतात, मोज.
हात थांबवायचे नाहीत."
तीन मोजले, दोरा भलत्याच टाचणीला गेला.
पुन्हा. दोरा राहिला, बर्फ हुकला.
पुन्हा. दोन्ही गेले.
लक्ष एकच आहे हो बाई,
एका तिकिटावर दोघं कशी बसवू?

त्या हसल्या नाहीत.
"माझे वडील पाऱ्याच्या खाणीत होते.
हात कापायचे. शर्टाचं एक बटण लावायला
सगळा जीव बोटांत आणून बसायचे.
हातांकडे असं टक लावणारा माणूस
मला बघवत नाही."

एप्रिल. अवेळी बर्फ, गोदोविचचा चढ बंद,
सात वेळा म्हणाला निवेदक. सातच.
मग खाली पाहिलं,
तर वीतभर लेस झालेली.
कुणी केली?

तो चढ आठवला. दुसरा गिअर, तिसरा,
वळण, पुन्हा दुसरा, सगळं पाय बघायचे.
मी नसायचोच तिथं. बिलांत असायचो,
मेलेल्या भावाशी जुनं भांडण उकरत.
एका वळणावर चेरीचं झाड आहे,
बायको सांगायची.

मी टाचण्या उपसू लागलो. उसवतो म्हणालो,
पुन्हा करतो, या वेळी हजर राहून.
बाईंनी मनगट धरलं,
पट्टीवरून बोट फिरवत नेलं.
"हे जानेवारीचं. करकचून आवळलंय. इथं तू होतास.
हे आजचं. कसं निवांत पडलंय बघ. इथं नव्हतास.
आणि हे काय?"
शेवटचा टाका, एका अंगाला कलंडलेला.
"इथं मी खाली पाहिलं."

शनिवारी बसनं गेलो. तिकीट काढून,
उजवीकडची खिडकी धरून.
झाड आहे.
दोन आहेत.