अजून बासष्ट

ट्रक आला ती नोव्हेंबरची एकोणीस तारीख.
अडतीस गायी मुकाट चढल्या. एकोणचाळिसावी फळीवर अडली,
मान वळवून बघत राहिली,
गोठ्याकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच,
त्या तिकडे, शेणाच्या ढिगाकडे.
उगाच अर्थ काढू नये.
वारा तिकडून होता, इतकंच.

मग बेत्सुकाईवर बर्फ उतरला
आणि गोठा एका रात्रीत गार पडला.
चौतीस वर्षं मी समजत होते, गोठा उबदार आहे.
उबदार त्या होत्या.

पहाटे साडेचारला डोळे उघडतातच.
धार काढायची नाही, हे हातांना कोण सांगणार?
बूट चढवायचे, टॉर्च घ्यायचा
आणि साऱ्या शिवारात जे एकच अंग अजून तापलेलं
त्याच्याकडे जायचं.

शिगेमित्सुचा थर्मामीटर काठीएवढा लांब.
ढिगाच्या कुशीत खुपसायचा, शंभर मोजायचे.
बासष्ट.
बाहेर उणे सतरा.
लहानपणी नाओया असा तापला असता
तर रात्रभर उशाशी बसले असते.
ढिगाचा ताप उतरला नाही म्हणून
मी अंधारात एकटीच हसले.

शिगेमित्सु कमी बोलायचा, खतावर मात्र बोलायचा.
मूठभर घेऊन दाब. बोटांतून एकच थेंब यावा.
दोन आले तर भुसा घाल.
एकही नाही, तर त्याला तहान लागलीय.
आणि नव्या ढिगात जुन्या खताचं फावडंभर विरजण,
विसरायचं नाही.
लग्नाच्या वाढदिवसाची तारीख त्याला कधी सांगता आली नाही.

उकिरड्याचे दिवस पालटायला बारा वर्षं लागतात म्हणे.
खोटं आहे.
हलवत राहिलं तर पाच महिने पुरतात.
नुसतं पडू दिलं तर बारा वर्षांनीही
आतून तसंच हिरवं, चिकट, रागावलेलं.

दर दुसऱ्या रविवारी लोडर काढते.
पहिल्या फावड्याला पोट उघडतं
आणि वाफेचा लोट असा उठतो
की माझे हातसुद्धा मला दिसत नाहीत.
डिसेंबरात ती वाफ नाकात झोंबायची, डोळ्यांत पाणी आणायची.
(वाफेमुळेच.)
फेब्रुवारीत तिला अळंब्यांचा वास येऊ लागला.
एक कोल्हा ढिगाच्या दक्षिणेला झोपतो,
लोडर आला की उठतो, जरा लांब बसतो,
काम आटपायची वाट बघतो, मुकादमासारखा.

त्या फेब्रुवारीतच दातांत अडकून वर आली
पेंढ्याच्या गठ्ठ्याची निळी दोरी.
शेण कुजतं, भुसा कुजतो, वार, केस, सांडलेलं दूध,
सगळं एक होतं. दोरी तेवढी राहते.
फेकून देणार होते. मग गाठ दिसली.
डावखुऱ्याची, उलटी मारलेली,
त्याच्याशिवाय कुणालाच न सुटणारी.
यावरून किती भांडलो होतो आम्ही!
सुरीनं काप म्हणायचा, मी म्हणायचे, नीट बांध.
तो गेल्याला दोन वर्षं होऊन गेली
आणि अशी, वाफेत, पुन्हा गाठ पडली.
सोडवायला गेले नाही. खिशात ठेवली.

मार्चमध्ये अठ्ठेचाळीस. मग एकेचाळीस.
हलवलं तरी पारा चढेना.
एका सकाळी ढिगाचं आणि माझ्या तळहाताचं
जवळजवळ सारखंच.
तेव्हा कुराहाशीला फोन केला: झालंय. ने.

तो बीट लावतो, खाली नदीकडच्या पट्टीत.
मूठभर उचललं, हुंगलं,
टोपी काढली, पुन्हा घातली.
पैशांचं विचारलं. मी म्हटलं, बीट उगवू दे आधी.
सहा खेपा झाल्या.
सहाव्या खेपेला काँक्रीट दिसलं,
ओलं, काळं, कोल्ह्याच्या पावलांचं.

निघताना त्यानं फावडं मागितलं, कडेचं खरवडायला.
तेवढं राहू दे, मी म्हटलं.
एक फावडंभर. विरजणाला.

गोठ्याकडे बघितलं त्यानं, रिकाम्या.
मग माझ्याकडे.
विरजण कशाला, ते काही विचारलं नाही.