चौदावी नोंद

इनासने खाडीपलीकडून हुर्राक आणून दिला,
पाण्याच्या बाटलीत, झाकणावर प्लास्टिक बांधून.
"सोडा घाल, मिरची चीर. झाला."
मी मान हलवली. घातलं नाही.

माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण.
दहाची रेघ पुसट झालीय, नखाने ओळखते.

पहिली नोंद: तीन झाकणं हुर्राक, एक आगळ.
आगळच आगळ.
दुसरी: शहाळ्याचं पाणी.
दोघांचंही काही म्हणणं नाही.
तिसऱ्या वेळी तिरफळं ठेचली
आणि अर्धा तास जीभ
शेजारी राहायला गेली.
तेवढ्यात मुलीचा फोन:
"आई, दात काढलास की काय?"

शिरोड्याच्या पोस्टात तेहतीस वर्षं पार्सलं जोखली.
ग्रॅमला तिकीट; काट्याने कुणाची भीड ठेवली नाही.
आता काटा माझ्याच तोंडात,
आणि सकाळी आंबट म्हणालेला
संध्याकाळी साक्ष फिरवतो.

काल चार झाकणं हुर्राक,
आगळाचे थेंब, मोजले नाहीत,
एक बिंबल चुरडून,
ग्लासच्या काठाला मिठागरातलं जाडं मीठ,
करडं, धुतलेलं नाही.
घोटाबरोबर वाळूचा एक कण दाताखाली आला.
तोही राहू दिला.

वहीत लिहिलं: चौदा.
पुढे काही सुचेना,
पेनाला टोपण लावलं.

कुंपणापाशी इनास: "कसो झालो गो?"
"तुज्या जिभेचो न्हय," म्हटलं
आणि त्याच्या ग्लासात सोडा ओतला,
मिरची उभी चिरून.